मिरचीचा तोडा आणि व्हिसा

पिंपळगाव रेणुकाईचं नाव भोकरदन तालुक्याबाहेर गेलं ते हिरव्या मिरचीमुळं. हल्ली मिरचीपाठोपाठ इथली पोरंही बाहेर जातात. आधी संभाजीनगर, मग पुणे, एखादं थेट अमेरिकेत. मिरची गेली की गेली. पोरगं मात्र तिकडं घर घेतं आणि फोनवर म्हणतं, "बाबा, शेती बस झाली. आईला घेऊन इकडंच या राहायला."

इथून आजोबांची गाठ पडते कायद्याशी. अमेरिकेच्या कायद्यात 214(बी) नावाचं कलम आहे. पाहुणा म्हणून निघालेला माणूस कायमचा राहायलाच येतोय, असं ते धरून चालतं. तसं नाही हे पटवायचं काम पाहुण्याचं. म्हणजे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या खिडकीपुढं, सातबारा बगलेत धरून, आजोबांनी सांगायचं की साहेब, मी परत येणार. वास्तविक एकच प्रश्न पुरला असता: "यंदा मिरचीचा तोडा कधी?" हे ऐकून ज्याचा जीव खालीवर होतो, तो माणूस अमेरिकेत राहत नसतो. पण खिडकीतल्या साहेबाला तोडा कुठला माहीत!

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी एका खेपेचा मुक्काम बहुधा सहा महिन्यांचा. आजोबांना तेवढेही जड जातात. तिकडं पार नाही, पारावर भाव विचारणारं कुणी नाही, आणि गाडी चालवता येत नसेल तर घराबाहेर पडायलाही सुनेची सुट्टी बघावी लागते.

कॅनडा त्या मानानं दिलदार. आजी-आजोबांसाठी तिथं सुपर व्हिसा आहे. 2022 पासून त्यावर एका दमात पाच वर्षं राहता येतं. मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. आजी विचारते, "एवढ्या रकमेचं मला दुखणार तरी काय?"

थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला नातंगोतं लागत नाही, पैसा लागतो. वय 50 पूर्ण, बँकेत आठ लाख बाट, आणि दर 90 दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा. पन्नाशीत आमच्याकडं माणूस सरपंचकीला पहिल्यांदा उभा राहतो, त्याला निवृत्त कोण म्हणणार? पत्त्याच्या अटीला मात्र हसू नये. आपला पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतोच की. माणूस म्हातारा झाला की सगळीच सरकारं त्याच्याकडं जरा संशयानं बघतात. खिशात किती आणि परत कधी, एवढंच विचारतात; बोलायला कोण आहे, हे कुणी विचारत नाही.

उलट्या वाटेनं यायचं म्हटलं तर भारताकडं निवृत्तांसाठी वेगळा व्हिसाच नाही. नागरिकत्व परदेशाचं, पण मूळ इथलं असलं तर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळतं. ते असलं की आयुष्यभर या, हवं तितकं राहा. मतदान तेवढं नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे अमेरिकेत जन्मलेली नात उद्या कंटाळून पिंपळगावला आली, तर पैसे मोजूनही तिला मिरचीचं एक वावर घेता येणार नाही. वारसानं आलेलं मात्र ठेवता येतं.

तेव्हा आजोबा, नातीचं कार्ड पोरगं काढील. तुम्ही सातबाऱ्यावरच्या नावांच्या चुका तेवढ्या आत्ताच दुरुस्त करून घ्या.