गेलेल्याच्या नावावरचा पगार

— काकू, काल आमच्याकडे फार उशिरापर्यंत दिवा होता ना?

— दिसला की! ह्यांना म्हटलं सुद्धा, पोरीच्या ऑफिसात काहीतरी बिनसलंय. काय झालं गं?

— कुणाला सांगू नका हं.

— मी कशाला सांगतेय? बोल तू.

— आमचे सीनियर नोकरी सोडून गेले ना, त्यांचं डेटाबेसमधलं खातं ॲडमिनवाल्यांनी परवा काढून टाकलं. नियमच आहे तसा. आणि काल पगाराची स्टोअर्ड प्रोसिजर चालेचना! एरर 1449. म्हणे, डिफायनर म्हणून दिलेला युजर अस्तित्वातच नाही.

— थांब. प्रोसिजर म्हणजे डेटाबेसातच लिहून ठेवता आणि ‘कॉल’ म्हटलं की पगार, कपात, पीएफ ओळीनं होतं, तीच ना?

— तीच. मायएसक्यूएलमध्ये बनवणाऱ्याचं नाव तिला चिकटतं. इन्व्होकर असं मुद्दाम लिहिलं नाही, तर चालवणारा कुणीही असो, ती चालते त्या नाववाल्याच्याच अधिकारात.

— हे काय नवीनच?

— नवीन कसलं! प्रोसिजर आल्या 2005 मध्ये, 5.0 आवृत्तीत, तेव्हापासूनचं आहे. आणि सोयीचंही आहे हो. अकाउंट्सच्या मुलीला फक्त एक्झिक्यूटचा हक्क द्यायचा. पगाराचं टेबल तिला उघडता येत नाही, पण काम होतं.

— म्हणजे मुखत्यारपत्रच की! बँकेत जन्म गेला माझा. देणारा गेला की कागद संपला. मग नाव बदलायचं नुसतं.

— तिथंच तर अडलं. ऑल्टर प्रोसिजरनं ना डिफायनर बदलतो ना आतला कोड. ड्रॉप करून पुन्हा बनवायची. गिटमध्ये कोड शोधला, तर फाइल जुनीपानी! नंतरचे सगळे बदल साहेबांनी थेट चालू सर्व्हरवर केलेले.

— अगोबाई! आणि निरोपाला त्याला शाल-श्रीफळ दिलंत?

— केकही कापला. शेवटी शो क्रिएट प्रोसिजर करून सर्व्हरवरनंच कोड उतरवून घेतला. बॅकअप बघितला, तर त्यात एकही प्रोसिजर नाही. मायएसक्यूएलडम्प टेबलं घेतो, ट्रिगर घेतो, पण रूटीन्सचा पर्याय दिल्याशिवाय प्रोसिजरला हात लावत नाही. सर्व्हर बसला असता तर पगार विसराच.

— पण खातं काढताना सर्व्हर काहीच बोलला नाही?

— 8.0.22 पासून बोलतो. साध्या युजरला तर अडवतोच. मोठे हक्क असलेल्या ॲडमिनला मात्र नुसती वॉर्निंग देतो, आणि वॉर्निंग वाचतंय कोण!

— मग काय, गेलेल्याचं खातं तसंच उघडं ठेवायचं?

— छे, लॉक करायचं. लॉगिन बंद होतं, पण त्या नावाच्या प्रोसिजर चालत राहतात. आता आम्ही कुणाच्याच नावाचं नाही असं एक खातं काढलंय. कायम लॉक, हक्क लागतील तेवढेच. सगळ्या प्रोसिजर हळूहळू त्याच्या नावावर. इन्फर्मेशन स्कीमामधलं रूटीन्स बघितलं की कुणाच्या नावावर काय आहे, यादीच निघते.

— मग? निघाले का आणखी कोण?

— निघाले ना! आमचे मॅनेजर. आणि कँटीनमध्ये कुजबुज आहे, तेही दुसरीकडे इंटरव्ह्यू देतायत म्हणून.

— त्याच्या आधी नाव बदलून घे बाई.

— सकाळीच घेतलं. पण खरी बातमी पुढंच आहे. त्या सीनियरना आता तासाच्या बोलीवर सल्लागार म्हणून बोलवायचं घाटतंय.

— बोलवा की. पण नवीन प्रोसिजर लिहायला बसवू नका. जुन्या लिहिल्यायत त्या गिटमध्ये चढवायला बसवा. आणि त्याचं बिल त्याच्याच प्रोसिजरमधनं काढू नका म्हणजे मिळवली!