एका चिकित्सक अभ्यासाचा चिकित्सक अभ्यास

विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या प्रबंधांच्या कपाटात नावं बदलतात, शेपूट बदलत नाही. अमुक यांच्या कादंबऱ्या : एक चिकित्सक अभ्यास. तमुक तालुक्यातील पतसंस्था : एक चिकित्सक अभ्यास. या शेपटावर कुणालाच रागावता येत नाही. अभ्यास केलाय, तोही चिकित्सक, आता बोला! आत पहिल्या प्रकरणात लेखकाचा जीवनपट आणि शेवटच्यात निष्कर्ष : सदर लेखकाने मराठी साहित्यात मोलाची भर घातली आहे. याला हरकत घेईल असा माणूस म्हणजे त्याच काळातला दुसरा लेखक, आणि तो शेजारच्या खणात प्रबंधरूपाने विसावलेला असतो.

प्रबंधाच्या मध्यवर्ती विधानाला ‘छे, मुळीच नाही’ म्हणणारा एखादा तरी शहाणा माणूस सापडला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. ‘ग्रामीण भागात पाणीटंचाई ही गंभीर समस्या आहे’ हे वाक्य टंचाईलासुद्धा मान्य असतं. त्याऐवजी ‘या तालुक्यातली टंचाई पावसाची नसून उसाची आहे’ असं लिहून पाहा. निम्मा तालुका उठून उभा राहील, कारखान्याचे चेअरमन सर्वांत आधी. शिवाय आता काय शोधायचं तेही ठरलं : पावसाचे आकडे, उसाखालचं क्षेत्र, विहिरींची पातळी. ‘प्रकरण दुसरे : मानवी जीवनात पाण्याचे महत्त्व’ आपोआप गळतं आणि टंकलेखनाचे पैसे वाचतात. हे काही परदेशी फॅड नव्हे. आपल्या नैयायिकांच्या पाच अवयवी अनुमानात पहिली येते ती प्रतिज्ञा : डोंगरावर आग आहे. मग हेतू : कारण धूर दिसतोय. ‘डोंगर : एक चिकित्सक अभ्यास’ म्हणत कुणी वादसभेत उभा राहिला असता, तर प्रतिपक्षाने त्याला खंडनाच्याही लायकीचा मानला नसता.

उत्तम नमुना हवा असेल तर 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला आंबेडकरांचा जातींवरचा निबंध घ्या. वय वर्षं पंचवीस. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले केतकर, चौघांच्या व्याख्या ते तपासतात आणि सांगतात की जातीचं सार एकच : जातीबाहेर लग्न न करणं. मग सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्या एका विधानातून उलगडत जातात : जोडीदार गेल्यावर मागे उरलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं करायचं काय, याची ती उत्तरं ठरतात.

यावर आक्षेप येतो की, आधीच विधान ठरवणं हा पूर्वग्रह झाला. पण विधान प्रबंधाच्या सुरुवातीला असतं, संशोधनाच्या नव्हे. संशोधक जिथे शेवटी पोचला, तिथे वाचक पहिल्या पानावर भेटतो. वाटेत गृहीतक मोडलं तर मोडू द्यावं. त्याचा जन्म त्यासाठीच असतो. दुसरा आक्षेप : विधान चुकलं तर? चुकेल की! वैदिक आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, हे टिळकांनी 1903 साली ग्रंथाच्या नावातच सांगून टाकलं. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. पण ध्रुवाकडच्या लांबलचक उषेचा त्यांचा पुरावा समोर होता म्हणूनच तो तपासता आला. चिकित्सक अभ्यास मात्र आजवर एकदाही चुकलेला नाही.

खरा वजनदार आक्षेप तिसराच, तो दबक्या आवाजात येतो : आपलं विधान सरांच्या पुस्तकाविरुद्ध गेलं तर? तर सरांचं म्हणणं आदराने, त्यांना स्वतःला जमलं नसेल इतक्या नेटकेपणाने पूर्वपक्षात मांडावं आणि मग खोडावं. पूर्वपक्ष वाचून सर इतके प्रसन्न होतात की पुढचं पान उलटायचं बहुधा राहून जातं. तरी धीर होत नसेल, तर आंबेडकरांचा तो निबंध मिळवा. एका दुपारी वाचून होतो. नोंदणीचा अर्ज संध्याकाळी भरा.