गोळ्या सोडवणाऱ्या काकांना अनावृत पत्र

प्रति,
मा. मोफत सल्लागार,
बागेतला तिसरा बाक, सकाळी सहा ते आठ.

काका, स. न. वि. वि.

आपल्या समाजसेवेची दखल कुणी घेत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. 'एकदा गोळी सुरू झाली की जन्माची सवय लागते', एवढं एक वाक्य टाकून आपण आमच्या इमारतीतल्या निम्म्या मधुमेहींचं १-०-१ थेट ०-०-० करून टाकलंत. देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या २०२३च्या पाहणीत दिसलं. आपल्याला गिऱ्हाईक कधी कमी पडणार नाही.

'गोळ्यांनी किडनी जाते' हेही आपण छातीठोकपणे सांगता. मधुमेहात किडनी बिघडते ती मुख्यतः वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं. पण साखर बिचारी गोड, तिच्यावर आळ कसा घ्यायचा? ब्रिटनमध्ये पाच हजारांवर रुग्णांवर वीस वर्षं अभ्यास झाला. साखर कसून आटोक्यात ठेवली तर डोळे-किडनीचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, हे १९९८ साली समोर आलं. आपला अभ्यास मात्र एकट्या साडूवर आटोपला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आपल्या लाडक्या शिष्या. गोळ्या बंद, कारल्याचा रस सुरू. महिनाभर म्हणत होत्या, "कसं हलकं वाटतंय!" साखर चढताना दुखत नाही, हेच तर आपल्या यशाचं गुपित. पुढे रात्री चार-चारदा उठणं आलं, तळपायाला मुंग्या आल्या. एक दिवस चपलेच्या अंगठ्यानं बोट सोललं आणि काकूंना पत्ताच नाही. फरशीवरचे रक्ताचे ठिपके पाहून सून ओरडली. नातीच्या लग्नात त्या पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसल्या होत्या. आपण पंगतीत होतात, जिलेबी छान होती म्हणे.

गोळीनं कुणाचं पोट बिघडतं, काही गोळ्यांनी साखर फार उतरून हातपाय थरथरतात. खरं आहे. हे डॉक्टरला सांगितलं तर तो डोस कमी करतो, वेळ बदलतो, गोळीच बदलतो. वजन उतरवून काहींच्या गोळ्या सुटतातही, पण रक्त तपासत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. ही मधली कटकट आपण तेवढी काढून टाकलीत.

आता एकच विनंती. यापुढे कुणाची गोळी सोडवाल तेव्हा तसं सहीनिशी लिहून द्या, खाली मोबाईल नंबर टाका. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करायला त्याच्याबरोबर चला. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते, आदल्या रात्रीच्या उपासाला भुलत नाही. आकडा चढलेला निघाला तर पुढचं बिल आपण भरा.

आणि हो, रोज बाकावर बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून काढून आपण रक्तदाबाची गोळी न चुकता घेता, ती कुणाच्या सल्ल्यानं, तेही कळवा.

सल्ल्याचा लोभ आवरावा.

आपला,
१-०-१ वाला शेजारी