ग्रॅमोपासक

डहाणू-घोलवडच्या किनारपट्टीवर थंडी फारशी पडत नाही, आणि नेमक्या याच कारणाने थंडीविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्यांचे पीक तेथे चिकूच्या खालोखाल येते, असे म्हणावयास हरकत नाही. पौषात पहाटेचा पारा सोळा-सतरा अंशांवर उतरला की डहाणू रोड स्थानकावर पहिल्या लोकलला माकडटोप्यांची रांग लागते. पण ज्या गृहस्थाचा येथे विचार करावयाचा आहे तो त्या रांगेत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभा असतो आणि कोणी विचारलेले नसताना सांगतो, की ही थंडी नव्हे, थंडी नागारूला. नागारू म्हणजे हिमाचल प्रदेशात कसोलहून निघणाऱ्या सार पासच्या वाटेवरचा, खिंडीच्या अलीकडचा शेवटचा तंबूतळ. तेथे तो दोन रात्री राहून आला, यास बरीच वर्षे झाली. असा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो आणि वाचकांच्याही ओळखीत असणार, तेव्हा नाव देण्याचे कारण नाही. सोयीसाठी त्यास ग्रॅमोपासक म्हणावे.

ग्रॅमोपासकाचे लक्षण एकच, ते म्हणजे ताणकाटा. आत स्प्रिंग, वर धरावयास कडी आणि खाली वस्तू अडकविण्यास आकडा, अशा रचनेचे हे हातातले वजनयंत्र वाडीत चिकू तोलण्यासाठी आणलेले असते. परंतु घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळून त्याची प्रतिष्ठा वाढली तरी या घरातील काटा तेव्हा चिकूच्या सेवेतून निवृत्त होऊन पाठपिशवीच्या सेवेत रुजू झालेला होता. लांब पल्ल्याच्या डोंगरभटकंतीत ‘मूळ वजन’ अशी एक संज्ञा आहे. वाटेत खाऊन, पिऊन वा जाळून संपणाऱ्या अन्न, पाणी आणि इंधन या गोष्टी वगळून पाठीवर जे उरते ते मूळ वजन, आणि ते साडेचार किलोंच्या आत आणणे हा या पंथातील मोक्ष समजला जातो. पंथाची कुलदेवता अमेरिकन आहे: एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाईंनी १९५५ साली घरी शिवलेली एक झोळी खांद्यावर टाकून, साधे कापडी बूट घालून, सुमारे ३,३०० किलोमीटरची अॅपलेशियन पायवाट एकटीने पार केली. त्या बाईंनी झोळी तोलून पाहिल्याचे ऐकिवात नाही, हा तपशील मात्र भक्तमंडळी सोयीस्करपणे गाळतात.

दात घासण्याच्या ब्रशची दांडी अर्धी कापणे ही दीक्षेची पहिली पायरी होय. त्यानंतर साबणाची वडी सुरीने चिरली जाते, कपड्यांच्या मानेमागची लेबले उसवली जातात, टॉवेलच्या जागी हातरुमाल येतो, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी केस बारीक कापून घेतले जातात. कारण डोक्यावरचे केस मूळ वजनात धरावेत की नाहीत, याविषयी पंथात अद्याप एकमत झालेले नाही. प्रत्येक काटछाट वहीत ग्रॅममध्ये नोंदवून खाली बेरीज मारली जाते. पोटावरचे आठ-नऊ किलो त्या बेरजेत येत नाहीत, कारण ते काट्याच्या आकड्याला अडकविता येत नाहीत.

थंडीचा अभ्यासही याच शिस्तीने चालतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हा नियम ग्रॅमोपासकास मुखोद्गत असतो. सार पास सुमारे ४,२०० मीटरवर आहे, म्हणजे सत्तावीस अंश वजा, डहाणूचे तीस धरले तर उरले तीन, आणि तीन अंशांत काय होते, असा हिशेब तो वाडीतल्या झोपाळ्यावर बसून मांडतो. या हिशेबात वारा धरलेला नसतो, रात्र धरलेली नसते आणि घामाने भिजलेली सुती बनियन तर मुळीच धरलेली नसते. अंगाला लागून घाम बाहेर टाकणारा पातळ कपडा, त्यावर ऊब धरणारा लोकरी किंवा पिसांचा, आणि सर्वांवर वारा-पाणी अडविणारा, असे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे तीन थर डोंगरातल्या थंडीत लागतात, कारण ऊब कपड्यांत नसून त्यांच्या मधोमध कोंडलेल्या हवेत असते. हे तत्त्व पडताळण्यासाठी ग्रॅमोपासक भर वैशाखात पिसांचे जाकीट घालून मासळीला बर्फ पुरविणाऱ्या कारखान्यात तासभर उभा राहतो. बर्फाच्या लाद्या ओढणारे कामगार हाफ पँटमध्ये असतात; ते त्याला वळसा घालून जातात.

सहप्रवाशांचा खरा छळ तळावर सुरू होतो. रात्री शेकोटीची गाणी आटोपून मंडळी गरम बोर्नव्हिटाचे पेले हातात घेऊन उभी असताना काटा बाहेर निघतो, आणि प्रत्येकाची पाठपिशवी आकड्याला लटकवून तिचा निकाल जाहीर केला जातो. कोणाची चकली जप्त करावी, कोणाचा आरसा परत पाठवावा, याचे निवाडे होतात. ताज्या चिकूत तीन चतुर्थांश पाणीच असते आणि पाणी वाहून नेणे हा मूर्खपणा, म्हणून घरून चिकूच्या वाळवलेल्या फोडी आलेल्या असतात. त्या माणशी वीस ग्रॅम अशा तोलून वाटल्या जातात, आणि एकवीस भरल्यास एक तुकडा दाताने तोडून परत घेतला जातो. अशा माणसाबरोबर दहा दिवस चालणे ही गिर्यारोहणाची नव्हे, तितिक्षेची परीक्षा आहे. तितिक्षा म्हणजे थंडी-ऊन, मान-अपमान सारखेच सोसण्याची शक्ती.

इतके झाल्यावर एक गोष्ट नाइलाजाने नोंदवावी लागते. खिंडीच्या अलीकडे, दुपारी गारा सुरू झाल्या आणि पावले बर्फात गुडघ्यापर्यंत रुतू लागली, की प्रत्येक तुकडीत एकजण मागे पडतो. विरळ हवेत डोके ठणकते, घास गिळवत नाही आणि पाय उचलत नाही. तेव्हा ग्रॅमोपासक मागे वळतो, काटा काढतो, मागे पडलेल्याची पिशवी तोलतो, ‘समतोल बिघडलाय, चार किलो चुकीच्या जागी आहेत’ असे करड्या आवाजात सांगतो, आणि ते चार किलो स्वतःच्या पिशवीत भरतो. आभार मानू गेल्यास अर्ध्या ब्रशवर व्याख्यान ऐकावे लागते. हे चार किलो त्याच्या वहीत कोठेही आढळत नाहीत. पावणेदोन ग्रॅमच्या लेबलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत ही चूक कशी राहिली, याचा खुलासा त्याने कधी केलेला नाही.

हिमालयास जाण्यापूर्वीचा सराव गंभीरगडावर होतो. डहाणू तालुक्यातला हा सुमारे सव्वादोन हजार फुटांचा डोंगर ग्रॅमोपासक पाठीवर समुद्रावरची आठ किलो वाळू घेऊन चढतो आणि तीच वाळू घेऊन उतरतो. या मुलखात वजनाचा इतिहास जुना आहे, हे त्याला ठाऊक असते. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारली आदिवासींनी वेठबिगारी, म्हणजे जमीनदाराकडची सक्तीची बिनमोल मजुरी, नाकारली, आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात पुढे ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये हा दर मागितला गेला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात माणसे मेली. वाटेत हे सर्व सोबत्यांना सांगताना ग्रॅमोपासक पाचशे पौंड म्हणजे २२६ किलो ७९६ ग्रॅम, असा खुलासा अर्थातच करतो, परंतु तेथे त्याचा आवाज थोडा खाली येतो.

उतारावर पाड्यांतल्या बायका जळणाच्या मोळ्या घेऊन भेटतात. मोळी डोक्यावर, हात मोकळे, पायांत काही असले तर रबरी चप्पल, आणि चाल अशी की वाळूवाला वाटेतून बाजूला होतो. एकदा एकीने मोळी दगडावर टेकविली, तेव्हा ग्रॅमोपासकाने विचारून तिला आकडा लावला, आणि कडीतून काठी घालून दोघांनी ती उचलली. दर्शक सरकत खाली गेला आणि शेवटच्या रेघेच्या पुढे जाऊन अडला. बाईने विचारले, ‘किती झालं?’

त्या काट्यावर आकडे २५ किलोपर्यंतच आहेत.