परिचालकाला आकृतिबंधात घ्या

ग्रामपंचायत ऑनलाइन होते ती संगणक परिचालकाच्या हातांनी. जन्म-मृत्यूच्या नोंदी, विवाह नोंदणीचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नमुना ८ चा उतारा, विकास आराखडा, घरकुलाची माहिती, पूर्ण झालेल्या कामांचे फोटो, सगळं त्याच एका खुर्चीवरून वर जातं. आणि ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, तेवढीच खुर्ची नाही. लिपिक आहे, शिपाई आहे, पाणी सोडणारा आहे, सफाई कामगार आहे. संगणक चालवणारा नाही.

२०११ मध्ये ‘संग्राम’ आलं, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. २०१६ मध्ये त्याच्या जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. २०२० मध्ये केंद्र सरकारचं ई-ग्रामस्वराज आलं. प्रत्येक वेळी पाटी बदलली, पासवर्ड बदलले, नवं प्रशिक्षण झालं. परिचालकाची नोकरी मात्र पहिल्या दिवशी होती तिथेच राहिली: कंत्राटी, मधल्या कंपनीमार्फत, मानधनावर.

हे काम कुणालाही जमेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नमुना ८ उघडून बघावा. ही कर आकारणीची नोंदवही. घर कुणाच्या नावावर, बांधकाम मातीचं की स्लॅबचं, क्षेत्रफळ किती, कर किती, हे तिच्यात असतं. दर ४ वर्षांनी आकारणी नव्याने होते, हरकती येतात, वारसांची नावं लागतात. एकाच आडनावाची दहा घरं, त्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, आणि वाटणी तोंडी झालेली. टाइप करताना इथे एक नाव चुकलं तर पुढे कर्जाचा अर्ज अडतो, घरकुल अडतं, भाऊ भावाशी बोलेनासा होतो. ही चूक सॉफ्टवेअरला दिसत नाही, गाव ओळखणाऱ्या माणसालाच दिसते. अशी माणसं गावोगाव तयार झाली, वर्षानुवर्षांच्या कामातून. राज्याच्या ग्रामीण संगणकीकरणातली सगळ्यात मोलाची कमाई माझ्या मते हीच आहे, आणि तीच आपण बिनहिशेबी सोडून दिली आहे.

आता पैशांचं बघू. २०१६ च्या व्यवस्थेत एका केंद्रासाठी ग्रामपंचायतीकडून दरमहा १२,३३१ रुपये घेतले जात, वित्त आयोगाच्या निधीतून. परिचालकाच्या वाट्याला त्यातले ६ हजार, पुढे ७ हजार. उरलेली रक्कम देखभाल, प्रशिक्षण, साहित्य, कर अशा नावांनी जाई. केंद्रात प्रिंटरची शाई संपली की सरपंच आणि परिचालक एकमेकांच्या तोंडाकडे बघत, हे ज्याने ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी वाट बघितली आहे त्याला सांगायला नको. उत्पन्न कमी असलेल्या ग्रामपंचायतींचे तर गट केले, म्हणजे परिचालक एक आणि गावं अनेक.

त्याच्यावर टाकायच्या कामाला मात्र मर्यादा नव्हती. २०१७ मध्ये शेतकरी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज याच केंद्रांतून भरले गेले. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांसाठीही ही मंडळी बसली. सर्व्हर दिवसा चालेना म्हणून रात्री बसली. त्यातल्या कित्येकांचं त्या महिन्याचं मानधनसुद्धा वेळेवर आलेलं नव्हतं.

२०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत घालून दिली. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड ठेवला. कायदा चांगला आहे, लोकांनी तो वापरायला हवा. पण मानधन थकलं, परिचालक काम बंद करून आझाद मैदानावर जाऊन बसले, की गावोगावचे दाखले थांबतात. त्या खोळंब्याचा दंड कुणाला? मानधन थकवणाऱ्याला या कायद्याच्या कुठल्याच कलमात मुदत नाही.

आणखी एक गोष्ट फार गंभीर आहे. ई-ग्रामस्वराजमधून पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) डिजिटल सहीने निघतात. सही डोंगलवर असते, आणि कित्येक गावांत ते डोंगल आणि पासवर्ड परिचालकाच्या टेबलात असतात, कारण बाकी कुणाला ते वापरता येत नाही. गावाची तिजोरी ज्याच्या हाती, त्याला नेमणूकपत्र नाही. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे आणि गावासाठी धोक्याचं. उद्या रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर पहिलं बोट त्याच्याकडेच वळेल.

परिचालकाला आकृतिबंधात घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: वित्त आयोगाच्या पैशातून पगार देता येत नाही. पंधराव्या आयोगाच्या अबंधित निधीला तशी अट होती, हे खरं. पण ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनात राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून हिस्सा देतंच. वाट नवी शोधायची नाही. आकृतिबंधात संगणक परिचालक हे पद घाला, आज काम करणाऱ्यांचा अनुभव त्या नेमणुकीत धरा, आणि वेतन कंपनीमार्फत न देता थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. पुढच्या सॉफ्टवेअरची निविदा त्यानंतर काढा. निविदेत एवढी अट लिहा: जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणून द्यायच्या, पुन्हा हाताने भरायला लावायच्या नाहीत.