टोकनवरचा विश्वास

गाडीवेड्याचं प्रेम पाहावं तर रविवारी सकाळी. शाम्पू खास गाडीचा, फडकं मायक्रोफायबरचं, हवा तपासायची ती चाकं थंड असतानाच. मेहुण्यानं गाडी मागितली की "क्लच जरा जड झालाय" म्हणून विषय संपतो. बायको चालवत असली की हा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहतो.

हाच गृहस्थ संध्याकाळी हॉटेलच्या दारात उतरतो आणि गणवेशातल्या अनोळखी मुलाच्या हाती चालू गाडी देऊन बिनघोर सूप प्यायला जातो. नाव विचारत नाही, लायसन्स तर नाहीच. बदल्यात मिळतं टोकन. त्यावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: 'जबाबदारी मालकाची.'

ही बारीक अक्षरं सर्वोच्च न्यायालयातही गेली आहेत. 1998 साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात व्हॅलेकडे सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. काळजीत कसूर झाली असेल तर हॉटेलला त्या छापील ओळीमागे लपता येणार नाही, हा निकाल 2019 मध्ये लागला. तोवर झेन बाजारातूनही गेली होती.

शिवाय विनापरवाना माणसाला गाडी चालवू दिली तर मोटार वाहन कायद्यानुसार मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा किल्ली देण्याआधी लायसन्स बघा, ओडोमीटरचा फोटो काढा. तो मुलगा हसला तर हसू द्या.