बेंगळुरूत फिडलवाला छपरावर कसा चढवावा

गणेशोत्सवात तेच तेच फार्स करून कंटाळलेल्या बेंगळुरूच्या हौशी मराठी संघाने थेट ‘फिडलर ऑन द रूफ’ला हात घालावा. १९६४ साली ब्रॉडवेवर आलेल्या या संगीतिकेचे पहिल्याच फेरीत ३,२४२ प्रयोग झाले. आपला एक झाला तरी पुष्कळ. झारच्या रशियातले ज्यू खेडे, दूधवाला तेव्ये, त्याच्या पाच मुली आणि परंपरा, एवढाच ऐवज. आधी परवानगीसाठी म्युझिक थिएटर इंटरनॅशनलला लिहावे. उत्तर येईपर्यंत समितीत फूट पाडून घ्यावी. पुढे वेळ मिळत नाही.

फिडलवाला नाटकभर एक शब्द बोलत नाही, म्हणून ती भूमिका खजिनदाराला द्यावी. लग्ने जुळवणाऱ्या येंटेसाठी शोधाशोध नको, प्रत्येक मंडळात त्या असतातच. फक्त संहितेबाहेरची स्थळे सुचवणार नाही, असे लिहून घ्यावे. तेव्ये सारखा देवाशी हुज्जत घालतो. विठोबाशी भांडणारे अभंग ऐकत वाढलेल्या नटाला ते शिकवावे लागत नाही. अवघड जागा पुढे आहे. तिसरी मुलगी परधर्मीयाशी लग्न करते आणि बाप ती मेली असे समजतो. इथे प्रेक्षागृहातले दोन-चार बाप घसा खाकरतील. त्यांना सावरायला विनोद घालू नये.

लग्नाच्या प्रवेशात टोपीवर बाटली तोलून नाचतात. बाटली रिकामी चालेल, पण ती कोणी रिकामी केली याची दिग्दर्शकाने चौकशी करावी.

परंपरेच्या अभ्यासाला परदेशी जायला नको. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. आडनावे रोहेकर, पेणकर. सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकर. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. लग्नाआधी मेंदी, नवसाला पोहे-नारळाचा मलिदा, बायबलातल्या कथांवर चक्क मराठी कीर्तने! हे वाचून कोणीतरी नाटक अलिबागला हलवू या म्हणेल. त्याला बसवावे. तेव्येचे गाव झारच्या हुकमाने रिकामे होते. कोकणातून यांना कोणी हाकलले नाही. १९४८नंतर बहुतेक जण आपणहून इस्राएलला गेले. रूपांतर केले की शेवटच उरत नाही. भाषांतरावर थांबावे.

तालीम शुक्रवारी संध्याकाळी ठेवू नये. सूर्यास्ताला ज्यू घरात शब्बाथ लागून कामे थांबतात. सिल्क बोर्ड चौकात त्याच सुमाराला वाहने थांबतात. उरतो शनिवार. शब्बाथचे नाटक शब्बाथलाच बसवावे लागते, त्याला आयटीवाल्यांचा इलाज नाही.

नाट्यगृह म्हणून चौडय्या मेमोरियल हॉल पाहावा. आख्खी इमारत व्हायोलिनच्या आकाराची, तारा-खुंट्यांसकट. खजिनदाराला खरोखरच छपरावर चढवायचा मोह होईल. भाड्याचा आकडा ऐकून तो स्वतःच चढेल. मग जे. पी. नगरचे रंगशंकरा, अरुंधती नाग यांच्या धडपडीतून २००४ साली उभे राहिलेले. तिथे प्रयोग सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडत नाहीत. हे प्रेक्षकांना, आणि व्हाइटफील्डहून येणाऱ्या तेव्येला, आधीच सांगून ठेवावे.